हाडांचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या समारंभात हाडांवर व्याख्यान ठेवायचे म्हटल्यावर आपल्यापैकी काही जणींनी नाके मुरडली, हे माझ्या कानावर आले आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी ही हाडांची कसली चर्चा, असे एकीने विचारलेही. तिचे मला मुळीच वाईट वाटले नाही. हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्मशान येते, किंवा शाळेच्या कपाटात टांगलेला सांगाडा येतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे शरीररचना शिकवली. तिथेही विद्यार्थ्यांच्या हाती पडत ती वाळलेली, पांढरी, मेलेली हाडे. त्यामुळे डॉक्टर होणाऱ्या मुलांचीसुद्धा हाडे म्हणजे घराच्या तुळया, एकदा बसवल्या की संपले, अशी समजूत होते.

ती समजूत चुकीची आहे हे सांगण्यासाठीच आज मी उभी आहे. आपण या सभागृहात बसलो आहोत, त्या घटकेलाही प्रत्येकीच्या हाडांत बांधकाम चालू आहे आणि पाडकामही चालू आहे. त्याचा जमाखर्च असतो. तो जमाखर्च कोणी पाहिला नाही तर काय होते, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले. ती हकीगत शेवटी सांगेन. आधी हाड म्हणजे काय ते पाहू.

टेबलावर तीन बश्या ठेवल्या आहेत. त्यांत कोंबडीच्या तंगडीची तीन हाडे आहेत. ती मंडळात आणण्यापूर्वी मी चिटणीसबाईंची रीतसर परवानगी काढली आहे आणि बश्या माझ्या घरच्या आहेत, तेव्हा शाकाहारी भगिनींनी निश्चिंत असावे. पहिले हाड स्वच्छ धुऊन वाळवलेले आहे. दुसरे मी आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते. ते पाहा, रबरी नळीसारखे वाकते. मोडत मात्र नाही. तिसरे मी शेगडीच्या निखाऱ्यावर चांगले जाळले. ते दिसायला पूर्वीसारखेच आहे, पण चिमटीत धरून जरा दाबले की खडूसारखा त्याचा भुगा होतो.

हाडाचे सगळे मर्म या तीन बश्यांत आहे. व्हिनेगरच्या आंबटपणाने हाडातला क्षार विरघळला आणि मागे राहिले चिवट तंतू. आगीने ते तंतू जाळले आणि मागे राहिला नुसता क्षार. तंतूंवाचून हाड ठिसूळ, क्षारावाचून लुळे. दोन्ही एकमेकांत गुंफले गेले की जे तयार होते ते हाड. आपल्या आज्या-पणज्या जमीन सारवण्यासाठी मातीत भुसा किंवा शेण का घालत? नुसती माती वाळली की तडकते, तंतू तिला धरून ठेवतात. निसर्गाने तीच युक्ती आपल्या अंगात केली आहे.

हाडाच्या वजनात साधारण साठ ते सत्तर टक्के क्षार असतो. तो मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा बनलेला असून त्याचे स्फटिक अतिसूक्ष्म असतात. शास्त्रज्ञ त्याला हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट म्हणतात. हे अवघड नाव आपण इथेच ऐकून सोडून देऊ. वीस-पंचवीस टक्के भाग तंतूंचा, आणि त्यातला बहुतेक भाग कोलाजेन नावाच्या प्रथिनाचा. उरलेले पाणी. होय, हाडातही पाणी असते.

आता बाहेरून आत जाऊ. हाडावर सर्वांत वर एक पातळ पण चिवट आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू भरलेले असतात. नडगीला पलंगाची कड लागली म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते या आवरणामुळे. त्याच्या आत घट्ट, हस्तिदंतासारखे हाड असते. ते भरीव दगडासारखे दिसते, पण भिंगाखाली पाहिले तर त्यात बारीक बारीक नळ्या दिसतात. प्रत्येक नळीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल गोल थर असतात आणि नळीतून रक्तवाहिनी जाते. क्लॉप्टन हॅव्हर्स नावाच्या इंग्रज वैद्याने १६९१ साली हाडांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या नळ्यांचे वर्णन आहे. म्हणून त्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात.

आणखी आत गेले की हाड जाळीदार होते, अगदी आपल्या अनारशाच्या जाळीसारखे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे चिरून पाहिले तर ही जाळी कशीही पसरलेली दिसत नाही. तिच्या कमानी ठरावीक दिशांनी वळलेल्या असतात. १८६६ साली झुरिच येथे हर्मान फोन मेयर या शरीररचनेच्या प्राध्यापकाने असे एक हाड कार्ल कुलमान या इंजिनियर गृहस्थांना दाखवले. कुलमान ओझी उचलणाऱ्या यारीचे गणित शिकवत असत. यारीच्या वाकड्या मानेवर भार कोणत्या रेषांनी उतरतो त्याची त्यांनी आकृती काढली होती. हाडातल्या कमानी जवळजवळ त्याच रेषांनी गेलेल्या त्यांना दिसल्या. जिथे भार, तिथे आधार. जिथे भार नाही, तिथे निसर्ग उगीच सामान खर्च करत नाही. पुढे १८९२ साली बर्लिनच्या युलियस वोल्फ या शस्त्रवैद्यांनी याचाच नियम सांगितला, की हाडावर जसा भार पडेल तसे हाड स्वतःला घडवते. हा नियम आपण लक्षात ठेवू, कारण तो आपल्याला पुढे लागणार आहे.

सर्वांत आत मज्जा. आपल्या आयुर्वेदाने सात धातूंत अस्थी आणि मज्जा यांना शेजारी शेजारी बसवले ते उगीच नव्हे. लहानपणी बहुतेक सर्व हाडांत तांबडी मज्जा असते. मोठेपणी ती मुख्यतः मणके, छातीचे हाड, बरगड्या, कवटी आणि कमरेचा भाग इथे उरते. या मज्जेत रक्ताच्या तांबड्या पेशी तयार होतात, आणि किती म्हणाल तर दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास. आपण हाडाला कोरडे म्हणतो, पण आपले रक्त जन्म घेते ते हाडाच्या पोटात.

हाडांची संख्या किती, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. चरकसंहितेत ती ३६० सांगितली आहे, सुश्रुताने ३०० सांगितली. मोजण्याची पद्धत वेगळी होती, चरकाने दात आणि नखेही त्यात धरली आहेत. आजच्या गणनेने प्रौढ माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या अंगात ती याहून पुष्कळ जास्त, सुमारे पावणेतीनशे ते तीनशे असतात. वाढताना त्यांतली काही एकमेकांना जुळून जातात. बाळाची टाळू भरली असे आपण म्हणतो, तेव्हा हेच बांधकाम आपण हाताने चाचपून पाहत असतो.

आता या बांधकामावरच्या मजुरांची ओळख करून घेऊ. हाडात तीन प्रकारच्या पेशी मुख्य असतात. पहिल्या बेलदार. त्या जुने, थकलेले हाड फोडून विरघळवतात. दुसऱ्या गवंडी. त्या पोकळी झालेल्या जागी आधी तंतू विणतात आणि मग त्यांत क्षार भरला जातो. काम संपले की काही गवंडी त्या हाडातच स्वतःला चिणून घेतात आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशी होतात, म्हणजे राखणदार. हाडातल्या पेशींत नव्वद टक्क्यांहून अधिक हे राखणदारच असतात आणि त्यांतले काही वर्षानुवर्षे जगतात. प्रत्येकाला बारीक बारीक हात असतात. त्या हातांनी ते शेजाऱ्यांना धरून असतात. हाडावर कुठे भार पडला, कुठे सूक्ष्म तडा गेला, याची खबर ते वर पोचवतात, आणि मग त्या जागी बेलदार व गवंडी यांची टोळी येते. वाड्याची डागडुजी मालकाला न कळवता रात्रंदिवस चालू असावी, तसा हा प्रकार आहे.

एका जागचे जुने हाड फोडायला बेलदारांना दोन-तीन आठवडे पुरतात. तेवढीच जागा पुन्हा भरायला गवंड्यांना तीन-चार महिने लागतात. भगिनींनो, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. मोडायला वेळ लागत नाही, उभारायला लागतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. तेव्हा माझे हाड जुने झाले असे म्हणणाऱ्या आजीबाईंच्या अंगातही बरेचसे हाड नवे झालेले असते.

आता प्रश्न असा, की हाडे सतत फोडायचीच कशाला? एक कारण डागडुजीचे, ते सांगितले. दुसरे कारण असे, की हाडे ही शरीराची कॅल्शियमची पेढी आहे. आपल्या अंगात किलोभर कॅल्शियम असते. त्यातले नव्याण्णव टक्के हाडांत आणि दातांत असते, उरलेला एक टक्का रक्तात व इतर अवयवांत. हा एक टक्का फार मोलाचा. त्याच्यावाचून हृदय आकुंचन पावणार नाही, स्नायू हलणार नाहीत, जखमेचे रक्त गोठणार नाही. म्हणून रक्तातले कॅल्शियमचे प्रमाण शरीर काटेकोरपणे सांभाळते. गळ्यात कंठग्रंथीच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम थोडे घटले की त्या आपला रस सोडतात, आणि पेढीतून उचल होते. आहारातून भरणा झाला तर ठीक, नाही झाला तरी उचल थांबत नाही. हृदय चालले पाहिजे, मग हाड झिजले तरी चालेल, असा शरीराचा निर्णय असतो.

ही पेढी भरण्याचे दिवस कोणते? जन्मापासून तिशीपर्यंत, आणि त्यांतही वयात येण्याच्या आगेमागची काही वर्षे सर्वांत महत्त्वाची. तिशीच्या सुमारास शिल्लक सर्वाधिक होते. त्यानंतर काही वर्षे जमा आणि खर्च बरोबरीत चालतात आणि मग हळूहळू खर्च वाढतो. हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. पण स्त्रियांच्या वहीत एक पान वेगळे असते.

पाळी चालू असते तोवर बीजकोशांतून येणारा इस्ट्रोजेन नावाचा रस बेलदारांना आवर घालून ठेवतो. पाळी गेली की तो आवर सुटतो. मग फोडणाऱ्यांचे हात मोकळे होतात आणि भरणाऱ्यांची गती त्यांना पुरी पडत नाही. पहिल्या पाच-सात वर्षांतच काही स्त्रियांच्या हाडांतला दहा ते वीस टक्के ऐवज निघून जातो. अमेरिकेतील फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली पाळी गेल्यानंतरच्या या विकाराचे वर्णन केले. तोवर म्हातारपणी बाई वाकायचीच, असे सगळीकडे धरून चालत. पाश्चात्य देशांत पाळी साधारण एक्कावन्नाव्या वर्षी जाते, आपल्याकडे त्याच्या चार-पाच वर्षे आधी. म्हणजे आपली गळती तितकी आधी सुरू होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. काही ना काही तक्रारीवरून पिशवी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे लहान वयातही होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला होता. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पस्तिशीच्या बाईच्या हाडांवर एका दिवसात पन्नाशी येते. शस्त्रक्रिया आवश्यक असेल तर ती जरूर करावी. पण बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार तर हाडांसाठी पुढे काय करायचे, एवढे दोन प्रश्न प्रत्येकीने आधी विचारावेत.

दुसरी एक समजूत आहे, की दर बाळंतपणाला बाईचा एकेक दात जातो. ते खरे नाही. बाळाच्या सांगाड्याला सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम लागते. अंगावर पाजताना आईच्या हाडांतून आणखी उचल होते. पण दूध तोडल्यावर काही महिन्यांत हाडे बहुतांशी पुन्हा भरून येतात. निसर्ग आईला नागवत नाही. मात्र भरून येण्यासाठी ताटात काहीतरी असावे लागते, आणि आपल्या घरांतला खरा प्रश्न तिथेच आहे.

सगळ्यांची पाने वाढून झाली की आपण बसायचे. दूध मुलांना, दही पुरुषांना, आणि भांड्याच्या तळाशी उरेल ते आपल्याला. आपण हिला संसाराची रीत म्हणतो. हाडाची काडे करून तिने संसार केला, हे आपल्याकडे बाईचे मोठे कौतुक समजले जाते. मी वैद्यकातली आहे. मी आपल्याला सांगते, की हा नुसता वाक्प्रचार नाही. हाडाची खरोखरीच काडे होतात.

आता आईची हकीगत. २००४ साली ती अंगणात पाय घसरून हातावर पडली आणि तिचे मनगट मोडले. ती तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. तिची पाळी चव्वेचाळिसाव्या वर्षीच गेली होती. प्लॅस्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले, हाड छान जुळून आले होते. मी स्वतः क्ष-किरणाचे चित्र उजेडाला धरून पाहिले आणि म्हटले, झाले, आता काळजी नाही. उभ्या उंचीवरून पडल्याने एवढेसे हाड मोडतेच कसे, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. मीही विचारला नाही, आणि मी तर त्या वेळी रोज शंभर मुलांना हेच हाड शिकवत होते. पुढे तिची उंची कमी होत गेली. पातळ पायात येते म्हणून ती वर खोचू लागली. पाठ दुखते म्हणायची. वयोमानाप्रमाणे असायचेच, असे मी सांगायची. पाठीचे मणके एकेक करून दबत होते, हे मला फार उशिरा कळले. २०१३ साली पहाटे मोरीत ती घसरली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, ती नीट झाली. पण आई पुन्हा आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली नाही. अकरा महिन्यांनी ती गेली. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक तरी वर्षभरात जाते, असे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसून आले आहे. आकडा मला आधीपासून पाठ होता.

पहिले मनगट मोडले तेव्हा ती सूचना होती. नऊ वर्षे आमच्या हाती होती. ही खंत मी इथे एवढ्यासाठीच उघड केली, की आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोणाचे मनगट पन्नाशीनंतर मोडले असेल त्यांनी घरी गेल्यावर तो प्रश्न विचारावा.

विचारायचा कोणाला, आणि पुढे काय करायचे? हाडांची घनता मोजण्याचे यंत्र आता मोठ्या शहरांतून पुष्कळ ठिकाणी आहे. डेक्सा असे त्या तपासणीचे नाव. तिला सुई नाही, वेदना नाही, किरणांचे प्रमाण अगदी थोडे. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने किती घनतेला विरळ हाड म्हणायचे ते ठरवून दिले. साध्या क्ष-किरणाच्या चित्रावर विसंबून राहू नये, कारण तीसेक टक्के हाड गेल्याशिवाय त्यावर ते नीट दिसतच नाही. क्ष-किरणांनी हाडाचे जे पहिले प्रसिद्ध चित्र दिले ते मात्र एका स्त्रीचेच. १८९५ च्या डिसेंबरात रोन्टगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात बोटांच्या हाडांबरोबर अंगठीही दिसते. त्या चित्राकडे पाहताना मला नेहमी वाटते, की बाईच्या हातातला दागिना सर्वांना दिसतो, आतले हाड पाहायला मात्र यंत्र लागते.

हाडे विरळ झालीच असतील तर आज चांगली औषधे आहेत. काही बेलदारांना आवरतात, काही गवंड्यांना जोर देतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी हाडांची चौकशी अवश्य करावी. सांधेदुखीवर कोणी नाव नसलेल्या पुड्या देत असेल तर त्या घेऊच नयेत, त्यांत हेच औषध मिसळलेले असू शकते.

पण औषधाच्या आधीच्या चार गोष्टी घरात आहेत.

पहिली आहाराची. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवल्याप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, पेलाभर दुधात दोनशेच्या पुढे. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशेहून अधिक असते, आणि तो पाला आपण शेंगा काढून फेकून देतो. तिळाला तर तोड नाही, शंभर ग्रॅमला हजाराच्या घरात. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातले आम्ल ते अंगी लागू देत नाही. आणि तंतूंसाठी प्रथिने हवीत, म्हणून डाळ-उसळही आपल्या पानात पुरेशी पडली पाहिजे. नुसत्या चुन्याने भिंत उभी राहत नाही, हे आपण बशीत पाहिलेच.

दुसरी उन्हाची. खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीवर ऊन पडले की तयार होते. १९२२ साली हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी आपल्या नाशिकचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरिबांची, अर्धपोटी पण दिवसभर उन्हात वावरणारी मुले मुडदुसापासून बहुधा मुक्त होती. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत मात्र, दूधदुभते असूनही, बायकामुलांना हा विकार होता. आज पडदा गेला, पण आपण चार भिंतींत आणि काचेआड बसतो. काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण हे जीवनसत्त्व तयार होते ते सकाळी उशिरा ते दुपारपर्यंतच्या उन्हात. कुरडया-पापड घालायला आपल्या आज्या त्याच वेळी गच्चीवर जात. आठवड्यातून काही दिवस वीस-तीस मिनिटे हातांवर ऊन पडू द्यावे. ज्यांना जमत नाही त्यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, मनाने गोळ्या खाऊ नयेत.

तिसरी हालचालीची. वोल्फचा नियम आठवा. अंतराळात वजन राहत नाही, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातला एक ते दीड टक्का भाग दर महिन्याला कमी होतो. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड असते. हाडाला भार हवा, आदळ हवी. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी घालून आपण हसलो, खेळलो. वयात येणाऱ्या मुलींच्या हाडांना तोच खेळ रोज हवा. मुलगी मोठी झाली, आता उड्या नकोत, असे जेव्हा आपण म्हणतो, नेमकी तीच वर्षे पेढी भरण्याची असतात. आपण प्रौढांनी रोज भरभर चालावे, जिने चढावेत. ज्यांची हाडे आधीच विरळ झाली आहेत त्यांनी मात्र उड्या मारू नयेत, कमरेत वाकून जड उचलू नये, आणि व्यायाम विचारून करावा.

चौथी गोष्ट मोरीची. हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे. घरी गेल्यावर मोरीचे शेवाळ घासून काढा. भिंतीला धरायला एक दांडी बसवून घ्या, गवंडी बसवून देईल. सरकणारे पायपुसणे उचला, रात्री मोरीच्या वाटेवर एक बारीक दिवा राहू द्या, आणि सासूबाईंच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या. माझ्या आईच्या मोरीत दांडी नव्हती. आता आहे.

शेवटी चिटणीसबाईंना एक विनंती. मंडळात भिशीची वही आहे, हळदीकुंकवाच्या वाणाची वही आहे. तशी या वर्षी आणखी एक वही ठेवावी. तीत पन्नाशीपुढच्या प्रत्येक सभासदाचे नाव लिहावे, आणि पुढे तीन रकाने असावेत. पूर्वी हाड मोडले होते का, उंची किती, मोरीत दांडी आहे का. उंची दर वर्धापनदिनी इथेच भिंतीला उभे करून मोजावी. दीड-दोन इंच कमी भरली तर तिला एकटीला नव्हे, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. माझी उंची मी येताना मोजून आले आहे. पाच फूट एक इंच. पहिली नोंद माझी करावी.

आणि आज फराळाला तिळाचे लाडू आहेत, असे मला कळले आहे. ते घरी बांधून न नेता प्रत्येकीने इथेच, आपल्या तोंडाने खावेत, एवढे सांगून मी आपली रजा घेते.